घंटेची निगा



नगर हे लष्कराचे गाव आहे, हे तुम्हांला सांगायला नको. शासनदरबारी आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण बाजाराला निघालेला माणूस अजून ‘नगरला चाललो’ असेच म्हणतो, आणि मीही आज तसेच म्हणणार आहे. रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र १९४८ पासून येथे आहे. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्था येथे आहे, आणि के. के. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की तो आवाज कशाचा, हे आसपासच्या गावांत लहान पोरालाही विचारावे लागत नाही. शिक्षकमित्रांनी तर मुलांची सहल घेऊन रणगाडा संग्रहालय एकदा तरी पाहिलेलेच असेल. मुले रणगाड्याभोवती फिरतात, साखळ्या न्याहाळतात, आणि एखादे चुणचुणीत पोर मध्येच विचारते, “सर, याला आत आग लागली तर कळतं कसं?”

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा माणूस. विजेशी माझा संबंध दिवा लावण्या-विझवण्यापुरता. केडगावला घरी आलो आणि शेजारच्या सुभेदारसाहेबांना गाठले. अठ्ठावीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. देशभरातल्या छावण्यांत राहिले, आणि त्यांतली बरीच वर्षे आगप्रतिबंधाच्या कामावर होते. ते म्हणाले, “रणगाड्याला कळतंच सर, त्याला डोळे बसवलेले असतात. आणि कळून तो थांबत नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत आतल्या आत विझवायला लागतो. पण रणगाडा जिथं उभा असतो ती शेड, जवान झोपतात ती बराक, सामान असतं ते गोदाम, तिथं कोण सांगणार? माझी निम्मी नोकरी त्यातच गेली.”

त्यांच्या त्या निम्म्या नोकरीविषयी मी आज बोलणार आहे. विषय छावणीतल्या आगसूचक यंत्रणेचा आहे, म्हणजे आपण ज्याला सरसकट फायर अलार्म म्हणतो त्याचा. पण तुमची शाळा, तुमच्या तालुक्याचा दवाखाना, सोसायटीचे गोदाम यांच्याशी त्याचा किती जवळचा संबंध आहे, ते बोलता बोलता कळून येईलच.

पूर्वी गावाला जागल्या असे. रात्री तो फिरे, हाळी देई, आणि कुठे गंजी पेटलेली दिसली तर बोंब मारून गाव उठवी. छावणीतही निराळे काही नव्हते. रात्रीचा पहारा, आगीचा वेगळा बिगूल, भिंतीशी टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्या, आणि आग लागलीच तर कोणी कुठे धावायचे याचा लेखी हुकूम. बादल्या आणि हुकूम अजूनही आहेत. फक्त जागल्याच्या जागी, किंवा खरे म्हणजे जागल्याच्या जोडीला, छतावरचे यंत्र आले.

हे यंत्र धूर कसे ओळखते ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. सकाळी स्वयंपाकघरात कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते. चूल पेटलेली नसेल तर ती तिरीप नीट दिसतही नाही. चुलीचा धूर पसरला की तीच तिरीप पांढऱ्या दांड्यासारखी उठून दिसते. छताला लावलेल्या त्या वाटीएवढ्या डबीत नेमके हेच घडते. आत काळोख असतो. त्या काळोखात उजेडाचा एक बारीक झोत सोडलेला असतो आणि बाजूला एक विजेचा डोळा असतो. झोत डोळ्यावर पडत नाही, शेजारून निघून जातो. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून उजेड विखुरतो, थोडा डोळ्यावर पडतो, आणि डोळा तारेवरून निरोप धाडतो. निरोप जातो एका पेटीकडे. तिला पॅनेल म्हणतात. पॅनेल भोंगे वाजवते. वीज गेली तरी साधारण एक दिवस काम चालावे म्हणून पॅनेलच्या पोटात बॅटरी असते. शिवाय भिंतीवर लाल पेटी असते, काच फोडायची किंवा दाबायची. यंत्राच्या आधी माणसाला आग दिसली तर त्याने वापरावी म्हणून. एवढाच सगळा कारभार.

आता यातली अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. तिरिपेत धूर दिसतो, तशी धूळही दिसते. आणि नगरच्या उन्हाळ्यातल्या धुळीविषयी मी काय सांगावे! फाल्गुन-चैत्रात वावटळ सुटली की पुस्तकाच्या पानापानांत माती बसते. ती त्या डबीतही बसते. कोळी तर अशी काळोखी, उबदार जागा शोधतच असतो. मग धूर नसताना घंटा वाजते. किंवा उलटेही होते, डबीची जाळीच बुजून जाते आणि धूर असूनही आत शिरत नाही.

म्हणून कोणते यंत्र कुठे लावायचे, हा पहिला विचार. सुभेदारसाहेब सांगत होते की एका ठिकाणी गाड्यांच्या शेडमध्ये कोणीतरी धुराचे डिटेक्टर बसवून ठेवले होते. सकाळी इंजिने सुरू झाली की डिझेलचा काळा धूर निघायचाच; रोज सहाला घंटा. आठ दिवसांत तिथला शिपाई पॅनेलशी खुर्ची टाकूनच बसू लागला, वाजली की बटण दाबायचे. अशा शेडमध्ये उष्णतेवर चालणारा डिटेक्टर पाहिजे, नाहीतर ज्वाळेचा विशिष्ट उजेड ओळखणारा. लंगरमध्येही उष्णतेचाच, कारण तिथे फोडणी पडणारच. बराकीत मात्र धुराचाच पाहिजे. झोपलेल्या माणसाला ज्वाळा पोहोचण्याआधी धूर मारतो, आणि झोपेत नाकाला वास येऊन जाग येईल या भरवशावर कोणी राहू नये. उंच छपराच्या हँगरमध्ये धूर वर पोहोचेपर्यंत पातळ होतो, तिथे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किरण टाकतात. किरण अडला की इशारा. दारूगोळ्याच्या कोठारात तर ज्या उपकरणातून ठिणगी उडण्याची शक्यता नाही असेच उपकरण चालते. एकाच कंपनीचा एकच नमुना सगळीकडे ठोकून दिला की ठेकेदाराचे काम सोपे होते, एवढाच त्याचा फायदा.

दुसरा विचार पॅनेलचा. येथे मला माझ्या विषयातली एक हकिकत सांगू द्या.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्या जोडीला कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. दारूच्या शेजारी कापूस! युद्धाच्या घाईत तेही झाले होते. त्या दिवशीच्या हकिकतींत वाचायला मिळते ते असे. दुपारी साडेबाराच्या सुमारासच आसपासच्या काही लोकांना जहाजातून धूर येताना दिसला होता. जहाजावरच्यांना माहीत असेलच, असे समजून ते गप्प राहिले. दीडच्या सुमारास जेवणाची सुट्टी संपवून हमाल परत आले तेव्हा आरडाओरड झाली. धक्क्यावरच्या बंबाच्या नायकाने आपल्या माणसाला पिटाळले, की टेलिफोन करून सांग, आग साधी नाही, स्फोटकांच्या जहाजावरची आहे. तो धावला. पण तिथल्या टेलिफोनला आकडे फिरवायची तबकडीच नव्हती. त्याने मग जवळची आगीची लाल पेटी गाठली आणि काच फोडली.

काच फुटली, घंटा वाजली, मुख्य ठाण्याला निरोप पोहोचला. यंत्राने आपले काम चोख केले. परंतु त्या पेटीला एकच शब्द बोलता येत होता, ‘आग’. कसली, केवढी, कुठल्या जहाजावर, ते तिला सांगता येत नव्हते. ठाण्यावरून नेहमीच्या आगीला जातात तसे दोन बंब निघाले. पुढची कुमक आली ती आधीच हातचा वेळ गेल्यावर. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्याकडे त्या आठवड्यात शाळांतून प्रात्यक्षिके होतात, टाळ्या होतात. त्या दिवसामागे एका मुक्या पेटीची गोष्ट आहे, हे मुलांना सांगावे असे मला वाटते.

जुन्या पद्धतीचे पॅनेल हे त्या पेटीचेच भाऊबंद. दहा-वीस डिटेक्टर एका तारेत ओवलेले, आणि त्या तारेचा एक दिवा. दिवा लागला की कळणार इतकेच, की या भागात कुठेतरी काहीतरी आहे. मग पहारेकरी वीस खोल्यांची दारे उघडत हिंडणार. नव्या पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो, पोस्टमनला घराचा असतो तसा. पॅनेलवर अक्षरे उमटतात: अमुक इमारत, वरचा मजला, तिसरी खोली. डबीत धूळ साचत चालली तर घंटा न वाजवता आधीच ‘मला साफ करा’ असा निरोपही ती देऊ शकते. जुन्या छावण्यांत यंत्रणा बदलण्याचे जे काम करावे लागते त्याचा गाभा हाच आहे. लष्करी इमारतींची बांधकामे आणि डागडुजी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एम.ई.एस., पाहते, त्यांच्यापुढे इंग्रजांच्या काळातल्या दगडी बराकीपासून कालपरवाच्या काँक्रीटपर्यंत सगळे नमुने असतात, आणि सगळ्यांत तारा ओढायच्या असतात.

पण पत्ता देणारे यंत्र आणले म्हणजे पत्ता बरोबर येईलच असे नाही. इमारती आपला उद्योग बदलत असतात. काल जे कपड्यांचे गोदाम होते ते आज कचेरी होते, आणि कचेरीच्या जागी रंगाचे डबे येतात. भिंतीवरची पाटी बदलते. पॅनेलच्या पोटातला पत्ता बदलायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्या शहराचे नाव बदलले तेव्हा काही दुकानांच्या पाट्या आठवड्यात बदलल्या आणि काहींवर जुनेच नाव आहे. त्याने कोणाचे बिघडत नाही. रात्री दोन वाजता बंबाला चुकीच्या इमारतीकडे धाडणारी पाटी मात्र निराळी.

बदलाच्या कामात आणखी एक दिवस फार धोक्याचा असतो. जुने काढले आहे आणि नवे अजून बोलू लागलेले नाही, तो दिवस. ठेकेदार म्हणतो, आठ दिवसांचे काम. आठाचे ऐंशी होतात. सुभेदारसाहेबांचा यावर खाक्या सरळ होता. नवे सगळे वाजून दाखवल्याशिवाय जुन्याची एक तार तोडू द्यायची नाही. आणि तोडावीच लागली, तर तितके दिवस तितक्या भागात रात्री माणूस फिरवायचा आणि दर तासाला त्याची सही घ्यायची. म्हणजे पुन्हा जागल्याच. “थंडीत पोरं मला शिव्या द्यायची,” ते सांगतात, “पण पोरं उठून शिव्या देत होती, हेच पाहिजे होतं.”

आणि टोप्या! ही गोष्ट मला फार आवडली. भिंतींना रंग द्यायचा असतो तेव्हा डिटेक्टरच्या तोंडात रंगाचे कण जाऊ नयेत म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपी बसवतात. रंग वाळतो, रंगारी जातात, टोपी तशीच राहते. खालून पाहिले तर डिटेक्टर जागेवर आहे, छानही दिसतो. पॅनेलवर दिवाही हिरवा, कारण तार शाबूत आहे. एका इमारतीत त्यांना अशा टोप्या दोन वर्षांनी सापडल्या. सर्वांनी डोळ्यांवर पट्टी बांधून पहारा चालवला होता.

आता मी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण दुसऱ्यांची सांगितली तर ही टाळणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे ग्रंथालयाच्या इमारतीला अलार्म होता. तो मधूनमधून उगीचच वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा आम्ही सगळे पटांगणात धावलो. दुसऱ्यांदा निम्मे धावले. तिसऱ्यांदा कोणीतरी वर पाहून म्हणाले, “चालू द्या, वेड लागलंय त्याला.” चौथ्यांदा तो वाजला तेव्हा परीक्षा चालू होती आणि मी वरिष्ठ पर्यवेक्षक होतो. दीडशे मुले माना वर करून माझ्याकडे पाहत होती. मी शिपायाला म्हणालो, “बंद कर ते आधी.” तो म्हणाला, “सर, बटणानं पुन्हा सुरू होतंय.” मी म्हणालो, “मग तार काढ.” त्याने तार काढली. पेपर शांततेत पार पडला. प्राचार्यांनी मला शाबासकीही दिली.

ती तार पुन्हा जोडायची राहिली. नक्की किती दिवस ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो: मार्चमध्ये काढली, आणि नोव्हेंबरमध्ये विजेच्या कामासाठी आलेल्या माणसाने पॅनेल उघडले तेव्हा ती लोंबताना दिसली. आठ महिने त्या इमारतीत संध्याकाळी मुले अभ्यासाला बसत होती. काही झाले नाही. पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. त्यात सगळा दोष त्या पोराचा. गावाने काय करायला हवे होते, हे आपण विचारत नाही. पोर खोटे ओरडते हे दोनदा कळल्यावर गावाने पोर बदलायला हवे होते, किंवा माळावर जाऊन खरेच काय आहे ते पाहायला हवे होते. गावाने काय केले? ऐकणे सोडले. शेतावरचे कुत्रे पाखरालाही भुंकू लागले तर आपण दगड मारून त्याला गप्प बसवतो, आणि मग चोर येतो त्या रात्री ते गप्पच असते. यंत्राची खोटी घंटा म्हणजे यंत्राचे दुखणे आहे. ते दुखणे कशाचे, धुळीचे, वाफेचे, चुकीच्या जागेचे की सैल तारेचे, हे शोधून वहीत लिहिले पाहिजे. सुभेदारसाहेबांच्या वहीत प्रत्येक खोट्या घंटेला एक ओळ होती: वेळ, जागा, कारण, उपाय. कारण सापडेपर्यंत ओळ बंद होत नसे. मी विचारले, वैताग येत नसे का? ते म्हणाले, “वैताग येतोच की. म्हणून तर वही.”

त्यांचा बाकीचा नेमही सोपा होता. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक लाल पेटी दाबायची. या आठवड्यात एक, पुढच्यात दुसरी, अशा फिरत सगळ्या. दाबणारा एक आणि दूरच्या खोलीत दार लावून ऐकणारा दुसरा. या दुसऱ्या माणसावर त्यांचा फार भर. “बेल वाजली का, हे विचारायचं नाही सर. ऐकली कोणी, हे विचारायचं.” झोपलेला माणूस उठायचा तर उशाशी भोंगा चांगला मोठा ऐकू आला पाहिजे, साधारण ७५ डेसिबेल असा दंडक आहे, घरातल्या गजराच्या घड्याळाइतका समजा. दर महिन्याला मेन स्विच बंद करून बॅटरीवर किती दम आहे ते पाहायचे. वर्षातून ठरावीक वेळा प्रत्येक डिटेक्टरला खरोखर धूर दाखवायचा, त्यासाठी धुराचा डबा मिळतो. भारतीय मानक संस्थेचे आय.एस. २१८९ हे मानक याच कामासाठी आहे. बसवण्याबरोबर निगेचाही पाठ त्यात दिलेला आहे.

एवढे करूनही छावण्यांत आगी लागल्या आहेत, आणि त्या लपवून उपयोग नाही. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानात भरतपूरच्या दारूगोळा आगारात आग लागली. उन्हाळा कडक, आगाराच्या आवारात वाळलेले गवत उभे. पैसे वाचवण्यासाठी ते गवत कापलेच गेले नव्हते, असे पुढे उघड झाले. गवत कापायला लागणारे पैसे वाचले, आणि कोट्यवधी रुपयांचा दारूगोळा जळून गेला. गंजीभोवती मोकळी पट्टी काढून ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल, किंवा रडू.

दुसरी आपल्या महाराष्ट्रातली. वर्धा जिल्ह्यातले पुलगावचे आगार देशातले सर्वांत मोठे मानतात. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली. ती शेड रणगाडाविरोधी सुरुंगांची होती; सदोष सुरुंगांतून पाझरलेले स्फोटक हे कारण पुढे सांगितले गेले. म्हणजे आग बाहेरून आली नव्हती, मालाच्या पोटातूनच निघाली. कळल्याबरोबर अग्निशमन जवान आणि अधिकारी धावले, आणि ते तिथे असतानाच स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसे गेली, त्यांत बंबावरची माणसे फार. आगरगावसारख्या शेजारच्या गावांतले लोक रात्रीतून घरे सोडून पळाले. आग त्या एका शेडपुरती राहिली, बाकीची कोठारे वाचली. ती कोणाच्या जिवावर वाचली हे वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी आग दिसल्यावर वाजणारी घंटा उशिराचीच ठरते. तिथे माल कसा आहे, घाम धरतो आहे का, पाझरतो आहे का, यावर आधीपासून नजर ठेवणे हीच घंटा.

आणि आता घरचे. हे बोलायचे म्हणूनच मी आजचा विषय घेतला, असे म्हणालात तरी चालेल.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा तान्ही मुले गेली, सात वाचली. धूर यंत्राने ओळखला नाही. परिचारिकेने दार उघडले तेव्हा तो दिसला. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे हुकूम निघाले. आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयाचीही तपासणी झाली. काय काय बसवायला पाहिजे ते कागदावर लिहिले गेले. काम पुरे झाले नाही. ६ नोव्हेंबर २०२१, शनिवार. भाऊबीज होती. सकाळी अकराच्या सुमारास नव्या इमारतीतल्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत करोनाचे सतरा रुग्ण होते, बहुतेक प्राणवायूवर. उठून पळू शकणारे त्यांत कोण असणार? त्या दिवशी अकरा जण गेले.

केडगावहून त्या दिवशी मीही शहरात ओवाळून घ्यायला निघालो होतो. रस्त्याने बंबांच्या घंटा ऐकल्या. त्याच महिन्यात आमच्या ग्रंथालयाच्या पॅनेलची ती तार सापडली, हे मघाशी सांगायचे मी टाळले होते.

एकाच गावात एका बाजूला दर आठवड्याला लाल पेटी दाबून ऐकणारी शिस्त माहीत असलेली शेकडो निवृत्त माणसे राहतात, आणि दुसऱ्या बाजूला तपासणीचा कागद फायलीत पडून राहतो, याचे मला फार वाईट वाटते. या माणसांना कोणी विचारतच नाही. नगर, पारनेर, श्रीगोंदे, कुठल्याही तालुक्यात जा, गावात एखादा तरी माजी सैनिक सापडेल ज्याने फायर पिकेटची रात्र काढली आहे. १५ ऑगस्टला आपण त्याला झेंड्याजवळ उभे करतो, नारळ देतो. त्याला शाळेतून, दवाखान्यातून एकदा हिंडवून आणावे. तो वर पाहील, खाली पाहील, आणि दहा मिनिटांत दहा चुका काढील.

कायदाही आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसुरक्षा उपाययोजना अधिनियम २००६ चा. तो २००८ पासून लागू आहे. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तसा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा आहे. बसवल्याचा दाखला एकदाच मिळतो. चालू असल्याचा दर सहा महिन्यांनी. कायदा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. मुख्याध्यापकांनी तो दाखला मागून पाहावा, आणि दाखला असेल तर त्यावर न थांबता एक पेटी दाबूनही पाहावी. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेला यंत्र लागत नाही. तिथे लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला असतो, तोच पुरे. पण तास संपल्याचे टोले कोणते आणि आगीचे कोणते, हे मुलांना वेगळे ओळखता आले पाहिजे. पोषण आहार शिजतो त्या खोलीत गॅसची टाकी असते. तिथून मुले कुठल्या दाराने बाहेर पडणार, हे एकदा त्यांना चालवून दाखवावे. फळ्यावर लिहून दाखवलेले पाय लक्षात ठेवत नाहीत.

आमच्याकडे सध्या काय चालू आहे ते सांगून मी थांबतो. ती तार सापडली त्यानंतर सुभेदारसाहेबांना मी महाविद्यालयात घेऊन गेलो. त्यांनी शिडी मागितली, धुराचा डबा मागितला. ग्रंथालयाच्या अठरा डिटेक्टरांपैकी पाच मुके निघाले. एकावर टोपी होती. खोटी घंटा वाजवणारा सापडला तो खिडकीजवळचा, बाहेरच्या कँटीनच्या भजीच्या धुराने भडकणारा. कँटीनची चूल चार हात सरकवली, तो गप्प झाला. एक जाड वही घातली. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी सव्वादहाला एक पेटी दाबतो. मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दार लावून बसतो आणि ऐकतो. परवाच्या सोमवारी तिसऱ्या मजल्याचा भोंगा मला ऐकू आला नाही. वहीत तशी ओळ लिहिली आहे. वायरमन गुरुवारी येतो म्हणाला आहे.